कुड्याचं तिकीट कुठल्या पानावर

टपाल तिकिटं जमवणाऱ्या माणसाला खरा पेच पडतो तो तिकीट हाती आल्यावर. मिळवायला चिकाटी लागते, थोडे पैसे लागतात, चार ओळखी लागतात. पण ते कुठल्या पानावर लावायचं हे ठरवायला विचार करावा लागतो, आणि तो ज्याचा त्यानंच करायचा असतो. देशवार संग्रह करणाऱ्यांची या बाबतीत सोय असते. कॅटलॉग उघडला, साल शोधलं, क्रमांक पाहिला, तिकीट जागेवर गेलं. विषयवार संग्रहात ही सोय नाही. 'प्राणी' असा विषय धरला की पहिल्याच दिवशी प्रश्न उभा राहतो, प्राणी कशाला म्हणायचं?

१९३७ साली सहाव्या जॉर्जच्या नावानं निघालेली मालिका घ्या. दोन आण्यांच्या तिकिटावर टपालाची थैली घेऊन धावणारा हरकारा, अडीच आण्यांवर बैलगाडी, तीन आण्यांवर टांगा, साडेतीन आण्यांवर उंट, आणि मग चढत्या किमतीला आगगाडी, बोट, मोटार, विमान. यात बैल आहेत, घोडा आहे, उंट आहे. पण ती मालिका काढणाऱ्यानं उंट दाखवायला काढलेली नाही. टपाल कसकसं पोचतं ते दाखवायला काढलेली आहे. मग हा उंट प्राण्यांच्या पानावर यावा का? १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत सहा पैचा कोणार्कचा घोडा आहे, तो तर दगडाचा. १९४७ च्या डिसेंबरातलं दीड आण्याचं अशोकस्तंभाचं तिकीट आहे, त्यावर सिंह आहेत. गीरचा सिंह आणि सारनाथचा सिंह शेजारी शेजारी लावले तर पान देखणं होतं, पण ते पान काय सांगतं?

माझं मत असं की, उंट प्राण्यांच्या संग्रहात येऊ शकतो, मात्र त्याच्या आधीच्या पानानं त्याला बोलवलेलं असलं पाहिजे. 'माणसानं कामाला लावलेले प्राणी' असं पान असेल तर तिथे टपालाचा उंट, गाडीचे बैल आणि टांग्याचा घोडा हक्कानं बसतात. 'वाळवंटातले प्राणी' या पानावर तोच उंट उपरा वाटेल, कारण पाठीवरच्या थैल्यांखाली वाळवंट झाकून गेलेलं असतं. चित्र तेच राहतं, त्याचा हक्क पानागणिक बदलतो.

आंतरराष्ट्रीय फिलाटेली महासंघाचे विषयवार प्रदर्शनांसाठी नियम आहेत, आणि ते वाचले की हाच विचार वेगळ्या भाषेत सापडतो. शंभर गुणांपैकी पस्तीस गुण संग्रहाचा आराखडा, त्याचा विकास आणि नावीन्य यांना आहेत. तीस गुण ज्ञान आणि अभ्यासाला, तीस तिकिटांच्या स्थितीला आणि दुर्मीळपणाला. नीटनेटक्या मांडणीला फक्त पाच. सोळा पानांच्या चौकटीत रंगीत कागदाची सजावट करून आणणाऱ्या नवख्यांना हे आधी सांगायला हवं. परीक्षक बघतो तो पानापानांतला धागा. पहिल्या पानावर मांडलेली गोष्ट शेवटच्या पानापर्यंत चालते की मधेच नुसती चित्रं लागतात, हे तो पाहतो. आपल्याकडे या छंदाला अजूनही मुलांचा खेळ समजतात. हे नियम वाचणाऱ्याला तसं म्हणवणार नाही.

मी डिचोलीत शाळेत शिकवते. माहेर पेडणे महालातलं. माझ्या संग्रहाचा विषय मी या दोन तालुक्यांपुरता आखून घेतला आहे. इथे जे चालतं, उडतं, सरपटतं, पोहतं, उगवतं ते जगातल्या कुठल्या कुठल्या तिकिटांवर उतरलं आहे, ते पाहायचं. मोरजी-मांद्र्याच्या वाळूत अंडी घालायला येणारी सागरी कासवं, मोप्याच्या सड्यावरचे पक्षी, चांदेल-इब्रामपूरच्या बाजूचे हत्ती, डिचोलीच्या काजूच्या बागांत शिरणारे गवे. विषय लहान वाटतो, पण आत शिरलं की तळ लागत नाही.

मांडणीला शास्त्राचा क्रम तयार आहेच. लिनेयसनं १७५८ च्या आवृत्तीत प्राण्यांना दुहेरी नावं देऊन जी व्यवस्था लावली तिच्यावरच आजचे प्राणितज्ज्ञ उभे आहेत. आपल्याकडेही एक क्रम आहे, लिनेयसच्या कितीतरी आधीचा. जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज. गर्भातून आलेले, अंड्यातून आलेले, घामा-ओलाव्यातून उपजलेले, जमीन फोडून वर आलेले. चार खाणी आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनी हे कीर्तनात ऐकत आपण वाढलो, पण ही एक मांडणी आहे हे कधी लक्षात घेत नाही. तिची मला आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्यात झाड आणि जनावर एकाच सूचीत बसतात. कासव आणि पोपट अंडज म्हणून एका घरात येतात. ओलाव्यातून जीव उपजतो हे आज कुणी मानणार नाही, पण इथल्या आषाढात भिंतींना पाझर फुटतात तेव्हा ही कल्पना कुणाला का सुचली असेल ते समजतं. तेराव्या शतकातल्या हंसदेवाचं 'मृगपक्षिशास्त्र' चितमपल्लींमुळे मराठीत आलं; त्यातली वर्णनं स्वभावावरून केलेली आहेत, कुठलं जनावर कसं वागतं यावरून.

या सगळ्या व्यवस्था संग्राहकाच्या हाती येतात. पण संग्राहकाच्या आधीच कुणीतरी एक वर्गवारी करून ठेवलेली असते, आणि ती म्हणजे तिकीट छापणाऱ्या सरकारची. कुठल्या मुलखाच्या नावानं काय छापायचं, हे सरकार ठरवतं. गोव्याची जुनी तिकिटं हाताळताना हे मला जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं दुसरीकडे कुठेच दिसलं नाही.

पोर्तुगीज हिंदुस्थानची तिकिटं १८७१ पासून सुरू झाली. पहिली गोव्यातच तयार झालेली, ओबडधोबड, मधे किमतीचा आकडा आणि भोवती अक्षरं. पुढे मुकुट आला, राजांचे चेहरे आले, १८९८ साली वास्को द गामाच्या आगमनाच्या चारशे वर्षांनिमित्त गलबतं आली. मग सेंट फ्रान्सिस झेवियर आले, १९३१ च्या सुमाराला आणि पुन्हा १९५२ ला. १९५६ मध्ये पोर्तुगीज वसाहतींना साडेचारशे वर्षं झाली म्हणून मोठी मालिका निघाली. तिच्यात आल्मेदा, आल्बुकर्क अशा व्हाइसरॉयांचे आणि गव्हर्नरांचे चेहरे आहेत आणि काही तिकिटांवर किल्ल्यांचे, शहरांचे नकाशे. त्या नकाशांत दीव-दमण आहे, गोवा आहे. पण मुंबई आहे आणि वसईसुद्धा आहे! मुंबई १६६१ च्या विवाह-तहात इंग्रजांना दिलेली. वसई चिमाजी आप्पांनी १७३९ साली घेतली. हातून जाऊन दोनशे सतरा वर्षं झाली तरी वसई त्यांच्या तिकिटावर होतीच. १९५९ साली चलन एस्कुदोत बदललं तेव्हाच्या तिकिटांवर जुनी नाणी आली.

आता त्याच सरकारची आफ्रिकेतली तिकिटं पाहा. उत्तर मोझांबिकचा कारभार पाहणाऱ्या न्यासा कंपनीनं १९०१ मध्येच तिकिटांवर जिराफ आणि उंट छापले, सोबत कार्लूश राजाचा चेहरा. अंगोलाला १९५१ मध्ये चोवीस तिकिटांची पक्ष्यांची मालिका मिळाली आणि १९५३ मध्ये वन्य प्राण्यांची. मोझांबिकला १९५१ मध्ये मासे आणि १९५३ मध्ये फुलपाखरं. छपाई अतिशय सुंदर. त्या माशांच्या तिकिटांचे रंग सत्तर वर्षांनंतरही ताजे आहेत, खवल्यांवरची चमक दाखवायला वापरलेली बारीक छटा भिंगाखाली धरली की मन भरतं. आफ्रिकेत नोकरीला गेलेल्या गोवेकरांच्या घरी हे मासे आणि ही फुलपाखरं पत्रांवर बसून यायची. गोव्यातून परत जाणाऱ्या पत्रावर मात्र व्हाइसरॉय किंवा संत.

म्हणजे लिस्बनच्या डोक्यात कप्पे पडलेले होते. आफ्रिका म्हणजे निसर्ग, आणि हिंदुस्थान म्हणजे इतिहास, तोही त्यांचा स्वतःचा. आफ्रिकेतल्या माणसांना इतिहास नव्हता असं नाही, आणि गोव्यात पक्षी-मासे नव्हते असंही नाही. झुआरी-मांडवीच्या मुखाशी बसून मासे दिसले नाहीत म्हणणं अवघड आहे. पण एकदा कप्पा ठरला की त्यात न बसणारी गोष्ट छापलीच जात नाही. आणि आमचे तालुके तर त्यांच्या इतिहासातही उशिरा आलेले. पेडणे १७८८ साली सावंतवाडीच्या भोसल्यांकडून त्यांच्याकडे गेलं, डिचोली त्याच्या थोडी आधी. ही नवी काबिजाद, म्हणजे मागाहून जिंकलेला मुलूख. तिकिटांवरच्या साडेचारशे वर्षांशी इथल्या माणसाचा संबंध जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा.

या सगळ्या तिकिटांत माझा जीव अडकला आहे तो १९५८ च्या एका लहानशा तिकिटात. त्या वर्षी सप्टेंबरात लिस्बनला उष्णकटिबंधीय वैद्यक आणि मलेरिया यांची सहावी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या निमित्तानं प्रत्येक पोर्तुगीज वसाहतीला एक औषधी वनस्पती वाटून देण्यात आली. केप व्हर्दच्या वाट्याला कोरफड आली, मकावला कापूर, आणि पोर्तुगीज हिंदुस्थानच्या वाट्याला आला पांढरा कुडा.

कुडा काय आहे ते या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. उन्हाळा सरत आला की डोंगरउतारावर पांढऱ्या फुलांचे घोस दिसतात, वास येतो आणि मग झाड दिसतं. पावसात जोडीनं लोंबणाऱ्या लांब बारीक शेंगा येतात. कोवळ्या असताना त्या तोडून, उकडून, कडवटपणा काढून, ओलं खोबरं घालून भाजी करतात. माझी आजी पहिल्या पावसानंतर ही भाजी घरातल्या सगळ्यांना खायला लावायची, नको म्हणायची सोय नव्हती. पोट बिघडलं की सालीचा काढा. वैद्याकडे गेलं तर कुटजारिष्ट, म्हणजे पुन्हा तोच कुडा. आव आणि अतिसारावर शेकडो वर्षं ज्याच्यावर भिस्त ठेवली ते हे झाड. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्तानं १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात इथल्या औषधींवर लिहिलं, गोव्यात वैद्यकीय शाळा १८४२ साली निघाली. पण झाडाला तिकिटावर यायला १९५८ उजाडलं, आणि तेही परिषदेच्या पासावर.

हे तिकीट कुठल्या पानावर लावायचं? कॅटलॉगमध्ये ते 'वैद्यक' या विषयाखालीही येतं आणि 'वनस्पती' या विषयाखालीही. परिषदांची तिकिटं जमवणारे ते परिषदांत लावतील. पोर्तुगीज वसाहतींचा अभ्यासक त्याला इतर वसाहतींच्या औषधी भावंडांशेजारी ठेवील, आणि त्याच्या जागी ते बरोबर असेल. मी ते गोव्याच्या भागात अगदी पहिलं लावलं आहे. वरच्या पट्टीत साल, परिषद, शास्त्रीय नाव एवढं लिहिलं आणि खाली एका ओळीत लिहिलं की याच्या शेंगांची भाजी होते. प्रदर्शनातल्या परीक्षकाला ही ओळ विषय सोडून वाटू शकेल. मला ती विषयाच्या गाभ्यातली वाटते. त्या साडेचारशे वर्षांच्या मिरवणुकीत इथल्या मातीतून उगवलेली एक वस्तू शिरली, ती का आणि कशी शिरली हे पान सांगत नसेल तर पानाचा उपयोग काय?

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. २९ डिसेंबरपासून भारतीय तिकिटं वापरात आली आणि जुनी ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालली. त्या थोड्या दिवसांत दोन्ही देशांची तिकिटं लागलेली पाकिटं गेली. असं एक पाकीट संग्रहात असावं ही पुष्कळ जणांची इच्छा असते, माझीही आहे. १९६२ च्या ७ एप्रिलला भारतानं मलेरिया निर्मूलनाचं पंधरा नव्या पैशांचं तिकीट काढलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हाकेला ओ देऊन त्या वर्षी शंभरावर देशांनी अशी तिकिटं काढली आणि सगळ्यांवर या मोहिमेचं डासाचं चिन्ह फिरलं. मग १ ऑक्टोबरला वन्यजीव सप्ताहाचं गेंड्याचं तिकीट आलं, तेही पंधरा नव्या पैशांचं. मुक्त गोव्याच्या टपाल कचेऱ्यांतून विकलेल्या तिकिटांवर पहिल्याच वर्षी एक डास आणि एक गेंडा आला, याचं मला अप्रूप वाटतं. गेंडा इथे कुणी पाहिलेला नव्हता. डास सगळ्यांनी पाहिला होता.

१९६३ च्या ७ ऑक्टोबरला वन्यजीव संरक्षणाची पाच तिकिटं निघाली. दहा नव्या पैशांवर गवा, पंधरावर हिमालयातला लाल पांडा, तीसवर हत्ती, पन्नासवर वाघ, रुपयावर सिंह. या संचातलं सगळ्यात स्वस्त तिकीट गव्याचं. तेव्हा गोव्यात पहिल्या विधानसभेच्या निवडणुकीची धामधूम होती, डिसेंबरात मतदान झालं आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. तिकिटावरच्या गव्याचा गोव्याशी काहीही संबंध जोडलेला नव्हता. पुढे गवा गोव्याचा राज्यप्राणी झाला, २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत 'मोगा' नावानं शुभंकरही झाला. तिकीट छापलं गेलं तेव्हा ते 'भारतातले सस्तन प्राणी' या पानावरचं होतं. आज ते हक्कानं 'गोव्याची मानचिन्हं' या पानावर येतं. शाई तीच, कागद तोच, आणि तरी त्याची जागा बदलली. वर्गवारी एकदा करून संपत नाही, ती अशी मागाहूनही हलते.

हत्तीचंही तसंच झालं. पेडण्याच्या श्रीभगवतीच्या देवळापुढे काळ्या दगडाचे दोन हत्ती उभे आहेत, आम्ही लहानपणी हत्ती पाहिला तो एवढाच. रानातला हत्ती हा सह्याद्रीपलीकडचा, कर्नाटकातला. २००२ च्या सुमाराला हत्तींचा कळप तिळारीच्या खोऱ्यात, दोडामार्गात उतरला, आणि २०२५ मध्ये 'ओंकार' या नावानं ओळखला जाणारा एक हत्ती पेडण्यातल्या भातशेतीत येऊन राहिला. तेव्हापासून माझ्या संग्रहात तीस नव्या पैशांचा हत्ती 'देवळातले' या पानावरून उचलून दुसरीकडे गेला आहे. ते दुसरं पान माझं नव्हे, माझ्या विद्यार्थ्यांचं.

पावसाळ्यात मैदानावर जाता येत नाही त्या तासाला मी दुबार तिकिटांचा डबा वर्गात नेते. एका बाकावर ओतते आणि सांगते, याचे ढीग करा. कसे करायचे ते सांगत नाही. गव्याचं तिकीट बघताच मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "टीचर, हा आमच्या काजींत येतो." झालं, तेवढ्यावरून पहिला ढीग पडला: 'शेतात येणारे'. गवा, रानडुक्कर, माकड, शेकरू, पोपट. मग हत्ती त्यातच. दुसरा ढीग 'देवाचे'. त्यात नाग, वाघ, उंदीर, नंदी म्हणून बैल. शेजारच्या सत्तरीत वाघ्रो, म्हणजे वाघदेव, पुजतात, त्यामुळे वाघाबद्दल वादच झाला नाही. तिसरा 'खायचे'. मोझांबिकचे सगळे मासे त्या ढिगात गेले, आणि जाण्यापूर्वी प्रत्येकाची ओळखपरेड झाली. हा चणकासारखा, हा तामसो, याला काटे फार असणार, हा आमच्या आईला आवडणार नाही. दूर कुठेतरी बसलेल्या चित्रकारानं हिंदी महासागराच्या पलीकडच्या काठावरचे मासे काढले आणि अलीकडच्या काठावरच्या मुलांनी ते ओळखले. समुद्र तोच असल्यामुळे त्यांत फार चुकतही नव्हतं.

उरलेल्यांचा ढीग 'टीव्हीवरचे'. पेंग्विन, कांगारू, जिराफ, लाल पांडा, आणि गेंडासुद्धा.

मला या ढिगांनी विचारात पाडलं. ही मुलं जनावराला त्याच्या अवयवांवरून ओळखत नव्हती, आपलं त्याच्याशी काय नातं आहे त्यावरून ओळखत होती. हंसदेवाला हे पटलं असतं. आणि नातं एकच नसतं, म्हणून भांडण झालं ते मोरावरून. काही जणांनी तो 'देवाचे'मध्ये टाकला, सरस्वती आणि कार्तिकेय यांच्या नावानं. एक मुलगी तो उचलून 'शेतात येणारे'मध्ये ठेवत होती. तिच्या घरची मिरचीची आणि वायंगणाची शेती, मोर रोपं टोचून काढतात, हे ती पोटतिडकीनं सांगत होती. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे. आणि २०१६ साली गोव्यात त्याला उपद्रवी प्राण्यांत घालावं का, अशी चर्चा होऊन मोठा गदारोळ झाला होता. कायद्याची परिशिष्टं हीसुद्धा एक वर्गवारीच आहे. मोर तिच्यात कुठल्या यादीत आहे यावर त्याचा जीव अवलंबून असतो, आणि शेतकऱ्याची नुकसानभरपाईही. तिकिटांच्या डब्यावरून सुरू झालेलं ते भांडण अगदी खरं होतं. मी निकाल दिला नाही. डब्यात मोराची आणखी तिकिटं होती, एक एक दोन्ही ढिगांत ठेवायला सांगितलं.

असाच दोन घरचा आणखी एक जीव इथे आहे, वाळवी. पेडणे आणि डिचोलीत गावोगाव सातेरीची देवळं आहेत आणि कितीतरी ठिकाणी गाभाऱ्यात देवी असते ती वारुळाच्या, म्हणजे आमच्या रोयणीच्या रूपात. ते वारूळ बांधते वाळवी. देवळात तिच्यापुढे आम्ही हात जोडतो आणि घरी कपाटाच्या फळीला तिनं वाट काढलेली दिसली की काळजाचा ठोका चुकतो. इथल्या दमट हवेत संग्रह जपणं हे निम्मं काम. पावसाचे चार महिने आल्बम आडवे रचायचे नाहीत, उभे ठेवायचे, घट्ट आवळायचे नाहीत. मधूनमधून उघडून पंख्याखाली धरायचे. नाहीतर मागचा डिंक पाघळून तिकीट पानाला चिकटतं, कागदावर तांबूस ठिपके उठतात, आणि हे ठिपके परत जात नाहीत. सिलिका जेलच्या पुड्या बदलायच्या. बोटांना तेल असतं म्हणून चिमट्याशिवाय तिकिटाला हात लावायचा नाही. मुलांना हे शिकवायला वेळ लागतो. पण चिमट्यानं गवा उचलून भिंगाखाली धरायला एकदा शिकलेला मुलगा पुढे कागदच वेगळ्या हातानं धरतो.

सगळंच तिकीट घेण्याजोगं नसतं, हेही मी त्यांना सांगते. साठच्या दशकाच्या अखेरीला अजमान, फुजैरा, उम्म अल क्वैन अशा आखाती अमिरातींच्या नावानं तिकिटांचा पूर आला. चकचकीत वाघ, मांजरं, फुलपाखरं. पाकिटाला लागण्यासाठी ती निघालीच नव्हती, संग्राहकांना विकण्यासाठी निघाली होती, कित्येकदा शिक्का मारूनच. आखातात कुणी ना कुणी असलेल्या गोव्यातल्या घरांतून ती मुलांकडे येतात आणि मुलं ती अभिमानानं दाखवतात. त्यांचा हिरमोड करवत नाही. तरी मी त्यांना त्या वाघाशेजारी एखादं मळकं, शिक्क्यानं काळवंडलेलं, खरोखर प्रवास केलेलं तिकीट ठेवून दाखवते. २००० च्या निसर्गमालिकेतलं तीन रुपयांचं पाणमांजराचं तिकीट मला अशाच एका पाकिटावरून मिळालं. पाणमांजर इथल्या खाड्यांत, खारफुटीत राहतं, सहसा दिसत नाही. त्या तिकिटावर शिक्का असा पडला आहे की जनावराचा चेहरा मोकळा राहिला आणि गावाचं नाव वाचता येतं. विषयवार संग्रहात शिक्कासुद्धा बोलतो, आणि तो वाचता येण्याजोगा असला तर परीक्षकही त्याची दखल घेतो.

१९९६ मध्ये सालिम अलींच्या जन्मशताब्दीला आठ आणि अकरा रुपयांची जोड तिकिटं निघाली. त्यांवर सालिम अली आहेत आणि पक्षी आहेत. व्यक्तिचित्रं जमवणारे ती माणसांत लावतात. मी पक्ष्यांत लावली आहेत. चोडणच्या बेटावरच्या अभयारण्याला त्यांचं नाव आहे, आणि त्या माणसानं आपला जन्म ज्यांच्यात घालवला त्यांच्यातच त्यांना ठेवणं मला योग्य वाटतं. इथे माझा आणि एका जुन्या संग्राहक स्नेह्यांचा मतभेद आहे. त्यांच्या मते तिकीट ज्या कारणासाठी निघालं ते कारण मोडून दुसरीकडे लावणं म्हणजे टपाल खात्याच्या हेतूशी खेळणं. मी म्हणते, टपाल खात्यानं आपलं काम केलं, आता पान माझं आहे. ते हसतात, पण ऐकत नाहीत. मीही ऐकत नाही.

कासवाचं पान मात्र अजून माझ्याच मनात ठरलेलं नाही. ऑलिव्ह रिडले मोरजीच्या किनाऱ्यावर येतात तेव्हा रात्री वाळूत खड्डा करून अंडी घालतात आणि निघून जातात. गावचे लोक आणि वनखातं कुंपण घालून ती राखतात. सागरी कासवांची तिकिटं जगभर भरपूर आहेत, क्यूबापासून श्रीलंकेपर्यंत. ती समुद्रजीवांत लावावीत, सरपटणाऱ्यांत लावावीत, संरक्षणाच्या पानावर लावावीत? शास्त्राचा क्रम सांगतो सरीसृप. चार खाणी सांगतात अंडज. वर्गातल्या मुलांपुढे हीच तिकिटं ठेवली तेव्हा त्यांनी पाचवा ढीग केला आणि त्याला नाव दिलं 'येऊन जाणारे'. त्यात कासवाबरोबर हिवाळ्यात येणारे धोबी आणि तुतवार, आणि कुणीतरी ठेवलेला चार्टर विमानाचा फोटो. फोटो मी काढून घेतला, नाव तसंच ठेवलं. त्या नावाचं पान करायचं म्हटलं तर त्यात देश कुठले, किती पानं, सुरुवात कुठून, हे सगळं नव्यानं आखावं लागेल. या पावसाळ्यात ते करायचं आहे.

डासाचं तिकीट डबाभर ढिगांत कुठेच बसत नव्हतं. ते शेतात येत नाही, देवाचं नाही, खायचं तर नाहीच, आणि टीव्हीवरचंही नाही. शेवटी एका मुलानं कोऱ्या कागदावर 'घरात राहणारे' असं लिहिलं आणि डास त्यावर ठेवला. मला ते नाव इतकं पटलं की आल्बममध्ये त्याच नावाचं पान उघडलं आहे. त्यावर १९६२ चा डास आहे, मांजर आहे, चिमणी आहे. पाल हवी आहे. पालींची तिकिटं पुष्कळ देशांनी काढली आहेत, पण मला भिंतीवरची हवी आहे, आणि ती मी शोधते आहे.